मदत हवी आहे: दयेचा अर्ज कुठे अडकलाय, कसं शोधू?

नमस्कार. माझा मोठा भाऊ जन्मठेप भोगतोय. प्रत्यक्ष तुरुंगवासाची 14 वर्षं केव्हाच उलटली. संविधानाच्या कलम 161 खाली राज्यपालांकडे अर्ज केला, त्याला आता तीन वर्षं होतील. विचारलं की एकच उत्तर, 'विचाराधीन'. तुरुंगातले वरच्या कार्यालयाकडे बोट दाखवतात, तिथले म्हणतात पोलिसांचा अहवालच आला नाही. आईने स्पीडपोस्टची पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपलीय, तिच्यावरची शाईसुद्धा उडाली. नकार आला तरी सोसू हो, हे ताटकळणं सोसवत नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की राज्याचं मुदतपूर्व सुटकेचं धोरण असेल तर पात्र कैद्याचा विचार अर्जाविनाही व्हायला हवा. मग माहिती अधिकारात नेमकं काय मागू? की सरळ उच्च न्यायालयात रिट करू? यातून गेलेल्या कुणीतरी सांगा, प्लीज.