भाषांतराचं काम परफेक्ट करायच्या नादात सुरूच होत नाही, शेवटच्या रात्री उरकावं लागतं. काय करू?

शब्दांगण_पुणे:
नमस्कार मंडळी, मी सहा वर्षं घरून इंग्रजी-मराठी भाषांतर करते. जास्त करून मेडिकल, म्हणजे औषधांच्या चाचणीत भाग घेणाऱ्यांसाठीचे कन्सेंट फॉर्म, पेशंटनी भरायच्या प्रश्नावल्या वगैरे. काम मनापासून आवडतं, आळशी तर मी नक्कीच नाहीये, तरी दर वेळी तेच होतंय म्हणून विचारतेय.

मागच्या आठवड्यात ४,००० शब्दांचा फॉर्म आला, हातात पाच दिवस होते. पहिल्या दिवशी सकाळी नऊला बसले आणि दुसऱ्याच पानावर 'रँडमायझेशन' आलं, म्हणजे कोण कोणत्या गटात जाणार हे कुणी न निवडता ठरवणं. 'यादृच्छिकीकरण' लिहिलं तर बीडच्या एखाद्या मावशींना काय कळणार, 'चिठ्ठ्या टाकून' लिहिलं तर भिशीसारखं वाटतं, 'नशिबाने' तर सरळ चुकीचं. शब्दकोश काढले, जुन्या फाइली उघडल्या, दोन मैत्रिणींना फोन केले, दुपारचे दोन वाजले आणि अकरा ओळी झाल्या होत्या. मग डोकं दुखायला लागलं म्हणून फाइल बंद केली. दुसऱ्या दिवशी उघडावीशीच वाटेना, कपाट आवरलं, लाइट बिल भरलं, तिसरा दिवसही असाच गेला. शेवटी चौथ्या दिवशी रात्री जेवून बसले ते पहाटे चारपर्यंत जागून फाइल दिली.

आणि एवढं करून पेशंटनी तपासणीला कधी यायचं त्या भेटींच्या तक्त्यात 'भेट ३' च्या जागी 'भेट ४' राहून गेलं. कोऑर्डिनेटरने पकडलं म्हणून निभावलं. ज्या शब्दावर अख्खा दिवस घालवला त्याबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही, आणि झोपेत केलेला आकडा चुकला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही, कारण तो आकडा एखाद्या पेशंटच्या हातात जाऊ शकला असता.

दर्जा सोडायचा नाहीये. पण हे चक्र तोडायचंय. कुणी यातून बाहेर आलंय का?

जुनी_पाटी:
ताई, मी बावीस वर्षं याच धंद्यात आहे आणि तुमचं पहिल्या दिवसाचं वर्णन वाचून अंगावर काटा आला, कारण पहिली दहा वर्षं मी अगदी असाच बसायचो. थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही भाषांतर करणं आणि तपासणं ही दोन कामं एकाच वेळी करताय. ती वेगळी करा. कच्चा खर्डा काढताना शब्दकोश बंद, फोन दुसऱ्या खोलीत. अडला शब्द की इंग्रजी शब्दच देवनागरीत टाका, पिवळा रंग द्या आणि पुढे जा. वाक्य ओबडधोबड आलं तरी चालेल, तिथे थांबायचंच नाही. माझ्या अनुभवात ४,००० शब्दांच्या फाइलमध्ये असे अडणारे शब्द पंधरा-वीसच निघतात, आणि शेवटच्या पानापर्यंत गेलं की त्यातल्या निम्म्यांचं उत्तर त्या फाइलमध्येच सापडतं. कारण कन्सेंट फॉर्ममध्ये बऱ्याचदा तीच गोष्ट पुढे सोप्या इंग्रजीत परत सांगितलेली असते. तुमच्या रँडमायझेशनचंच घ्या, पुढे कुठे तरी बऱ्याचदा नाणं उडवण्याचा दाखला असतो. 'नाणं उडवून छापा-काटा करावा तसं, कोणत्या गटात जाल हे आधी कुणीच ठरवत नाही' असं लिहिलं की मावशींनाही कळतं आणि डॉक्टरही हरकत घेत नाहीत. दोनच गट समान वाटणीचे असतील तर हं, तीन गट असतील तर छापा-काटा चालणार नाही, ते बघून घ्या.

आणि एक लक्षात ठेवा, २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्येच म्हटलंय की माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत हवी. म्हणजे जड शब्द शोधत बसणं हा दर्जा नाहीच मुळी.

मग आकडे. आकड्यांसाठी वेगळी फेरी ठेवा, तीही सकाळी, ताज्या डोक्याने. मूळ फाइलची प्रिंट काढायची, पट्टी ठेवायची आणि फक्त आकडे, तारखा, मिलिग्रॅम, भेटींचे नंबर यावर पेन्सिलीने टिक करत जायचं. भाषा वाचायचीच नाही. ही फेरी अर्ध्या-पाऊण तासाची असते आणि तुमची ती चूक इथे सापडलीच असती.

मंदार_स्टुटगार्ट:
मी सॉफ्टवेअरवाला, पण मलाही कोड कुणाला दाखवायच्या आधी महिनाभर घोळवत बसायची सवय होती. मला उपयोग झाला तो डेडलाइनचे तुकडे पाडण्याचा. डॅन अरीली आणि क्लाउस वर्टेनब्रॉख यांचा २००२ चा एक प्रयोग आहे, त्यात लोकांना प्रूफरीडिंगच दिलं होतं, तीन मजकूर आणि तीन आठवडे. एका गटाला दर आठवड्याला एक मजकूर द्यायचा होता, दुसऱ्याला तिन्ही शेवटी एकदम, तिसऱ्याने आपल्या तारखा आपणच ठरवायच्या. सगळ्यात जास्त चुका दर आठवड्यावाल्यांनी शोधल्या, स्वतः तारखा ठरवणारे मधे, आणि 'शेवटी एकदम'वाले सगळ्यात मागे. म्हणजे ताई, जास्त वेळ हातात असला की काम जास्त चांगलं होतं हे आपण धरून चालतो तेच खरं नाहीये.

पण स्वतःच्या डायरीत तारीख लिहून माझं काही झालं नाही, ती मी बिनधास्त पुढे ढकलायचो. टीममधल्या एकाला सांगून ठेवलं की दर मंगळवार-शुक्रवार चारला जे असेल ते तुला पाठवणार, अर्धवट असलं तरी. पहिल्या वेळी पाठवताना हात थरथरत होते खरं सांगतो. त्याने दहा मिनिटांत वाचून दोन गोष्टी सांगितल्या आणि विषय संपला.

सीए_नाशिक:
'होईल तसं करा, पुढे चला' हा सल्ला सगळीकडे चालत नाही, ताईंच्या कामात तर नाहीच, इथे चुकीची किंमत दुसरा कुणी तरी मोजतो. आमच्याकडे ज्याने एंट्री केली तो ती पास करत नाही, दुसरा माणूस करतो. घरून एकटं काम करणाऱ्याला हा दुसरा माणूसच नसतो, म्हणून सगळं ओझं पहिल्या ओळीवर येतं. तुमच्यासारखी दुसरी भाषांतरकार बघा, तिचे आकडे तुम्ही तपासा, तुमचे ती तपासेल. अर्थात क्लायंटशी गोपनीयतेचा करार असेल तर आधी त्यांची लेखी परवानगी घ्या.

जुनी_पाटी:
सीए साहेबांचं बरोबर आहे, मी पण तेच म्हणतोय, फक्त काटेकोरपणा दुसऱ्या फेरीत ठेवा एवढंच. शिवाय कन्सेंट फॉर्मचं बऱ्याचदा दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत भाषांतर करून मूळ मजकुराशी पडताळतात, मग तो इथिक्स कमिटीपुढे, म्हणजे चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे जातो. तुम्ही एकट्या शेवटच्या नाही आहात.

मनमोकळी:
मी समुपदेशक आहे. ताई, तुमच्या पोस्टमध्ये मला कपाट आवरण्याची ओळ महत्त्वाची वाटली. फाइल उघडली की 'हे मला जमणार नाही' ही भीती येते, कपाट आवरलं की ती तात्पुरती जाते, म्हणून हात तिकडे वळतो. चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा त्या नकोशा भावनेपासून पळण्याचा मार्ग असतो. म्हणून नुसतं टाइमटेबल करून भागत नाही. ह्यूइट आणि फ्लेट यांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे प्रकार मांडले, त्यात स्वतःकडून अपेक्षा वेगळी आणि 'लोकांना माझ्याकडून बिनचूकच हवंय' असं वाटणं वेगळं. हा दुसरा प्रकार जास्त त्रास देतो. कोऑर्डिनेटर रागावली होती की तुम्हालाच तसं वाटलं, हे एकदा शांतपणे आठवून बघा.

एका चुकीवरून दोन दिवस जेवण न जाणं वारंवार होत असेल तर कुणाशी तरी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करून मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

शब्दांगण_पुणे:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मनमोकळी ताई, तुमचं वाचून कोऑर्डिनेटरचा मेल परत उघडला. दोनच ओळी होत्या, 'टेबलमध्ये एक नंबर चेक कराल का, बाकी वाचायला खूप सोपं झालंय.' ती दुसरी अर्धी ओळ मी तेव्हा वाचलीच नव्हती बहुतेक.

काल २,८०० शब्दांची प्रश्नावली आली. पिवळ्या रंगाने काम केलं, दुपारी चारला पूर्ण खर्डा झाला, नऊ शब्द पिवळे राहिलेत. मधे तीनदा शब्दकोशाकडे हात गेला, एकदा उघडलासुद्धा. क्लायंटकडून तपासणीची परवानगी आली की कोल्हापूरच्या एका मैत्रिणीला आकड्यांसाठी पाठवणार आहे, तोवर उद्या सकाळी पट्टी-पेन्सिल घेऊन माझी फेरी करते. 'थकवा'साठी पेशंट स्वतः काय म्हणतात, 'गळून गेल्यासारखं' की 'अंगात त्राण नाही', मराठवाड्याकडच्या कुणाला माहीत असेल तर सांगा, तो नऊतला एक आहे.