घरातल्या थोरांचे पाय: तुमचे अनुभव लिहा

तिकटीवरची
काल माळा आवरताना आबांचं कापशी कोल्हापुरी पायताण सापडलं. उलटं केलं तर टाचेला भोक. सगळं आठवलं. २०११ साली आबा जोतिबाहून आले, आणि संध्याकाळी सोप्यात फरशीभर रक्ताचे ठिपके. आईनं आधी पोरांचे पाय बघितले. आबा निवांत पेपर वाचत बसलेले. त्यांच्या टाचेत चूक, म्हणजे बारका खिळा, रुतलेली, पायताणातून आरपार. "मला काय बी दुखंना गं!" साखरेचा आजार १८ वर्षांचा, त्यानं पाय बधिर झालेले.

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावून १० ग्रॅमची नायलॉनची तार तळव्याला ठिकठिकाणी टेकवली. अंगठ्याला, चवड्याला, टाचेला, कुठंच कळलं नाही. दीड महिना ड्रेसिंग चाललं, पाय वाचला. नंतर रोज रात्री मी त्यांचे पाय बघायची. पहिले आठ दिवस संकोचानं ओढून घ्यायचे, मग आपणहून पुढं करायला लागले. तुमच्या घरचं सांगा.

रंकाळाकाठ
वाचून काटा आला. पण ताई, अस्सल पायताणात चूक नसते बरं, कातड्याच्या वादीनं शिवतात. २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय त्याला.

तिकटीवरची
हो दादा, चूक रस्त्यावरचीच. पायताणाला बोल नाही लावत.

धाकटी_सून
आमच्या आत्तींनी थंडीत पाय शेकायला गरम पाण्यात घातले, दोन्ही घोटे भाजले. त्यांना कोमटच वाटत होतं. आता पाण्यात आधी मी कोपर बुडवून बघते. आणि पाय पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्याच, पावसाळ्यात चिखल्या तिथंच होतात. कुकर झाला, येते.

गडहिंग्लजकर
वडिलांचं कुरूप शेजाऱ्यांनी ब्लेडनं कापलं. पंधरा दिवसांत जखम हाडापर्यंत. करंगळी काढावी लागली. कुरपाच्या पट्ट्या पण साखरवाल्यांनी लावू नयेत, त्यात आम्ल असतं, चांगली कातडी पण जळते. मी त्या दिवशी घरी नव्हतो हे अजून खुपतं.

धाकटी_सून
दादा, तुमचा काय दोष त्यात. कसे आहेत आता ते?

गडहिंग्लजकर
बरे आहेत. शेतावर जायचं म्हणतात, बूट घातल्याशिवाय सोडत नाही. घालायच्या आधी बूट झटकून आत हात फिरवतो. परवा ज्वारीचं धाट निघालं.

शाहूपुरीतली_आजी
मी स्वतःच ७४ ची. वाकता येत नाही म्हणून नातवानं जमिनीवर आरसा ठेवून दिलाय, खुर्चीत बसून तळवा बघते. नखं तोच कापतो, सरळ. कोपरे खोल कोरले की नख मांसात रुततं. भेगांना रात्री कोकमतेल, बोटांच्या मध्ये मात्र नाही.

रंकाळाकाठ
आजी, कोकमतेल कुठलं आणता? इथं मिळतं त्याला वासच नसतो.

शाहूपुरीतली_आजी
मालवणहून भाची पाठवते रे, मुटकुळे. वाटीत पातळ करून, निवल्यावर लावायचं.

उचगाव_स्टॉप
आईला अंबाबाईला नेतो तेव्हा सुती मोजे घालूनच. एप्रिलात आवारातली फरशी केवढी तापते, आणि तिला भाजल्याचं कळत नाही. आधी म्हणायची देवळात मोजे कसले. मी म्हटलं, अंबाबाई आईच आहे, ती रागवंल काय?

धाकटी_सून
चपलेचं काय करता? आत्तींना अंगठ्याची सोडवत नाही.

उचगाव_स्टॉप
डॉक्टरांनी एमसीआरची सांगितली, मऊ रबराचा तळ, मागं पट्टा. अंगठ्याची असली की ती धरायला बोटं आवळतात, आणि सुटली तरी कळत नाही. संध्याकाळी घ्यायला न्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, मापाची मिळते.

तिकटीवरची
आबांना पण तीच होती. तरी कापशी पुसून, तेल लावून माळ्यावर ठेवायचे.

रंकाळाकाठ
आता काय करणार तिचं?

तिकटीवरची
आज तेल लावलं. वाळत ठेवलीय सोप्यात.