चार वर्षांच्या मुलाची सुंता करायला सांगितली आहे, काय करू?

धायरीकर_आई
मुलगा चार वर्षांचा. शू करताना पुढची कातडी फुगते, मग धार येते. दुखत नाही म्हणतो. एका डॉक्टरांनी बघताक्षणी "सुंता करून टाका" सांगितलं, दुसऱ्या बाई म्हणाल्या थांबा. सासूबाईंचं एकच, "आपल्यात नाही करत असलं काही." नवऱ्याने कुठेतरी वाचलंय की सुंता केली की एचआयव्ही होत नाही, म्हणून तो एका पायावर तयार. जूनमध्ये शाळा आहे. कुणाला अनुभव?

निवृत्त_सिस्टर
लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात नोकरी गेली माझी, त्यामुळे जरा लांबण लावते.

या वयात कातडी मागे जात नाही हा बहुतेक वेळा आजारच नसतो. जन्मतः ती आत चिकटलेली असते, हळूहळू सुटते, काहींची पार सोळा-सतराव्या वर्षापर्यंत. नुसती फुगत असेल आणि धार बरी असेल तर घाई कसली? फक्त आंघोळीच्या वेळी तेल लावून कातडी ओढू नका. घरोघरी आज्या हे हटकून करतात! बारीक चिरा पडतात, भरताना व्रण धरतो आणि नसलेलं दुखणं आपणच लावून घेतो. ओढलेली कातडी मागेच अडकून पुढे सूज आली, तर मात्र रात्री दोन वाजता का असेना, हॉस्पिटल गाठायचं.

टोकाला पांढरं, कडक कडं आलं असेल तर बहुधा ऑपरेशनच. वारंवार लघवीचं इन्फेक्शन होत असेल तरी सर्जनना दाखवा. त्याच्या अलीकडे स्टेरॉइडचं मलम असतं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं, साधारण चार ते आठ आठवडे. पुष्कळ पोरांचं त्यावर भागतं. पहिल्या डॉक्टरांनी मलमाचं नावही काढलं नाही, हे मला पटलं नाही.

आणि नवऱ्याला सांगा, सुंता आणि एचआयव्हीचे ते अभ्यास दक्षिण आफ्रिका, केनिया, युगांडातल्या मोठ्या पुरुषांवर झाले. बाईकडून पुरुषाला होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटली. म्हणून २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने, जिथे हा आजार फार आहे तिथे शिफारस केली. 'होतच नाही' असं कुणी म्हटलेलं नाही. बालवाडीतल्या पोराला त्याची आत्ता काय घाई?

कोंढव्याचा_कोकणी
सिस्टर, थोडी दुसरी बाजू. आम्ही कोकणी मुसलमान, शाफिई पंथाचे. कुराणात सुंतेचा उल्लेख नाही, हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. आमच्यात ती वाजिब, म्हणजे बंधनकारक; हनफी या दुसऱ्या पंथात सुन्नत, म्हणजे केलेली चांगली. लहानपणी केलेली लवकर भरते आणि स्वच्छता सोपी जाते, हे मी घरात पाहिलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१२ मध्ये फायदे धोक्यांपेक्षा जास्त म्हटलं, पण सरसकट सगळ्यांची करा असं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. माझ्या भाच्याचं शूचं भोक टोकाला नसून खालच्या बाजूला होतं. घरचे हजामाला बोलावणार होते. सर्जन म्हणाले, हात लावू नका, दुरुस्तीला हीच कातडी लागते. कुणीही करायच्या आधी हे तपासून घ्यावं.

रास्ता_पेठ
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू. आठवा दिवस म्हणजे आठवा दिवस, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आला तरी चुकत नाही. पण बाळाला कावीळ असली तर थांबतात. आईची आधीची दोन मुलं सुंतेनंतर दगावली असतील तर तिसऱ्याची करू नये, असं तालमूद या आमच्या जुन्या धर्मग्रंथातच आहे. रक्त न गोठण्याचा आजार तेव्हाही दिसत असणार. आमचं कारण देवाचा अब्राहामाशी झालेला करार, औषध नव्हे. ताई, तुमच्याकडे ते कारण नाही, मग निव्वळ डॉक्टरी हिशोबाने ठरवा. सासूबाईंनाही हेच सांगा: गरज पडली तर ते ऑपरेशन, धर्म बुडत नाही.

धायरीकर_आई
आभार सगळ्यांचे. सिस्टर, कातडीखाली पांढरे दाणे दिसतात, तो पू का?

निवृत्त_सिस्टर
लाली, सूज, दुखणं नसेल तर पू नव्हे. कातडी सुटताना साचलेला मळ असतो, आपोआप बाहेर येतो. दाबू नका. पुढच्या भेटीत त्या दुसऱ्या बाईंना दाखवा आणि मलमाचं विचारा.