कामगार संरक्षक चष्मा पूर्ण वेळ डोळ्यांवर ठेवतील यासाठी काय करावे? मदत हवी आहे

नमस्कार. मी फॅब्रिकेशनच्या एका कारखान्यात पाळीप्रमुख आहे. माझ्या पाळीत 18 कामगार ग्राइंडिंग, कटिंग आणि वेल्डिंग करतात. चष्मे सर्वांना दिलेले आहेत, परंतु ते बहुधा कपाळावर सरकवलेले दिसतात.

मागच्या महिन्यात एका कामगाराने जोड नीट बसला की नाही हे पाहण्यासाठी चष्मा क्षणभर वर केला आणि शेजारच्या ग्राइंडरवरून उडालेला लोखंडाचा कण त्याच्या डोळ्यात रुतला. तो पाळी संपेपर्यंत डोळा चोळत राहिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कण काढला तेव्हा त्याभोवती गंजाचे कडे धरले होते आणि तेही खरवडावे लागले. दृष्टी वाचली. त्याचे स्वतःचे यंत्र त्या वेळी बंद होते, ही गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही, कारण ‘माझे काम थांबले आहे, मग चष्मा कशाला’ अशीच बहुतेकांची समजूत आहे.

त्यानंतर आम्ही दंड लावून पाहिला. मी दिसलो की चष्मे खाली येतात आणि माझी पाठ फिरली की पुन्हा वर जातात, एवढाच त्याचा उपयोग झाला. शेवटी मी एकेकाशी निवांत बोललो. घामामुळे काचेवर वाफ धरते, ओरखड्यांमुळे आखलेली रेघ दिसत नाही, कानामागे दांड्या रुततात, असे त्यांनी सांगितले. तिघांना नंबर आहे आणि त्यावरून गॉगल बसत नाही, म्हणून ते घरच्या चष्म्यावर भागवतात. त्याच्या काचा असा आघात सोसण्यासाठी बनवलेल्या नसतात आणि बाजूही उघड्या राहतात. ज्याला रेघच दिसत नाही त्याला निष्काळजी म्हणणे मला पटत नाही.

वाफ न धरणारे पॉलिकार्बोनेटचे चष्मे, तिघांसाठी नंबरचे संरक्षक चष्मे आणि ग्राइंडरांच्या मध्ये आडपडदे यांची मागणी मी केली आहे. नमुने आणून कामगारांनाच निवड करू द्यावी, असाही विचार आहे. कोणी असे केले असल्यास वापर टिकला का, हे कृपया सांगावे.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. आमचे सर्वांत जुने कारागीर ‘तीस वर्षांत मला काही झाले नाही’ असे म्हणतात, आणि नवी मुले त्यांचेच पाहून शिकतात. त्यांचा मान राखून त्यांना हे कसे पटवावे?