फलकावरचा जाड, अरुंद फॉन्ट: वाचता येतो की नुसता दिसतो?

राजवाडा_कट्टा: आमच्या इंदूरच्या मंडळाच्या फ्लेक्सवरून दोन तट पडलेत. फ्लेक्स दहा बाय तीन फूट, मजकूर ‘गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभ’. मी ‘टेको’ बोल्ड लावला. इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४ पासून फुकट मिळणारा, चौकटीत अंग चोरून उभा राहणारा. साध्या जाड फॉन्टमध्ये ही ओळ बसवली की अक्षर चिमुकलं होतं. यात तेवढ्याच रुंदीत ते चांगलं उंच झालं. मथळ्याला असाच फॉन्ट हवा, असं माझं मत. बोला.

सुलेखा_काकू: अरे, उंच झालं खरं, पण उंची गेली कुठे? रोमनमध्ये सगळी कॅपिटल घेतली की वर-खाली काही लोंबत नाही. आपल्याकडे ‘गु’चा उकार खाली, ‘र्थी’ची वेलांटी वर आणि तिच्या टोकाशी रफार. मी रिक्षातून बघितलं. रफार आणि वेलांटी मिळून एक काळा गोळा! ‘विद्याथी’ वाचलं मी. ज्यांचा सत्कार, त्यांच्याच नावाने शुद्धलेखनाची बोंब.

पाटीवाला: काकू, हा दोष जाडीचा, अरुंदपणाचा नाही. सेमीबोल्ड, म्हणजे बोल्डपेक्षा एक पायरी कमी जाड, घेतला की अक्षरांतल्या पोकळ्या मोकळ्या होतात. आणि कट्टा, खरं सांग, फ्लेक्सवाल्याने कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ आडवी दाबली नाही ना? दाबलं की उभ्या रेघा बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. मुळातच अरुंद काढलेल्या अक्षरात हा तोल सांभाळलेला असतो.

राजवाडा_कट्टा: दाबली. ऐंशी टक्क्यांवर. ‘भिया, फिट कर दिया,’ म्हणाला.

पाटीवाला: मग टेकोला का नावं ठेवता?

छप्पन_चौक: मी काकूंच्या बाजूने. ‘इम्पॅक्ट’ हा जाड, अरुंद रोमन फॉन्ट जेफ्री लीने १९६५ मध्ये काढला तो कागदावर शक्य तेवढी शाई बसावी म्हणून. रोमनला ते झेपतं. देवनागरीत शिरोरेषेनेच अर्धी शाई खाल्लेली असते, वरून आणखी कशाला?

पाटीवाला: अर्धी? काहीही! ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘अनेक’ फॉन्टमध्ये (२०२२) रुंदी आणि जाडी वेगवेगळी सरकवता येते. अरुंद ठेवा, जाडी एक पायरी उतरवा. दाबायची गरजच नाही.

सुलेखा_काकू: सरकवत बसण्यापेक्षा ‘समारंभ’ काढा. सत्कार म्हटलं की समारंभ आलाच. ओळ कोणत्याही फॉन्टमध्ये बसेल.

राजवाडा_कट्टा: काकू, अध्यक्षांना विचारलं. त्यांना सुरुवातीला ‘भव्य’ही हवंय.