प्रतिसाद: बारावीला ६८ टक्के, आता चांगलं कॉलेज कसं मिळणार?

ताई, मुलाला बारावी सायन्सला ६८ टक्के पडले म्हणून इंजिनिअरिंगला मॅनेजमेंट कोट्यात (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांसाठी) पैसे भरायचा विचार चाललाय असं लिहिलंत. कृपया थोडं थांबा.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचे कॅपमधले, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतले, प्रवेश मुख्यतः एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर (किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत त्यावर) होतात. बारावीचे गुण लागतात ते पात्रतेपुरते: फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा विषय मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४०. पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय या नावाजलेल्या कॉलेजांनाही हेच. म्हणजे ६८ वाला मुलगा सीईटी चांगली गेली तर ९० टक्केवाल्याच्या पुढे असतो.

आयआयटी, एनआयटीचं मात्र वेगळं. तिथे जेईई ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असूनही खुल्या वर्गाला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. तीच इच्छा असेल तर श्रेणीसुधार परीक्षेचं बघा.

कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी, भरताना घाई नको. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की तीच जागा घ्यावी लागते, म्हणून "हे तरी नक्की मिळेल" असं कॉलेज वर टाकू नका. खरं हवं असलेलं वर, खात्रीचं खाली. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या (हे प्रवेश चालवणाऱ्या सरकारी कक्षाच्या) साइटवर शाखा आणि प्रवर्गानुसार असतात. ते मुलालाच वाचायला बसवा.

धाकट्या मुलीचंही विचारलंत. दहावीला कमी पडले तर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा हा उत्तम रस्ता आहे. तीन वर्षं नीट केली की सीईटी न देता, डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.