‘चकवा लागणे’, ‘म्हातारचळ’ आणि ‘स्मृतिभ्रंश’

‘डिमेन्शिया’साठी आपण ‘स्मृतिभ्रंश’ वापरतो. पण आईच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, सुरुवात विसरण्यापासूनच होते असं नाही. मग हा शब्द कितपत बरोबर? तुमच्या घरी काय म्हणतात?

— ‘भ्रंश’ म्हणजे जागेवरून ढळणं, ‘अपभ्रंश’मधला तोच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो’ आहे, पण तिथे तो क्रोधातून येतो, आजारातून नव्हे. ‘डिमेन्शिया’च्या मूळ लॅटिन शब्दात स्मरण नाहीच, मन आहे. त्यामुळे हिंदीतला ‘मनोभ्रंश’ अधिक जवळचा. ‘बुद्धिभ्रंश’ चालला असता, पण तो आपण भांडणात वापरून संपवला.

— आमची मावशी लालबागची, मूळ मालवणकडची. एकदा दादरच्या फुलबाजारातून दोन तास उशिरा आली. म्हणाली, ‘माका दादराक चकवो लागलो.’ आम्ही हसलो. चकवा रानात लागतो, रोजच्या पायवाटेवर माणूस गरगर फिरत राहतो. दादरच्या पुलावर कसला चकवा? पण चाळीस वर्षांच्या सवयीच्या वाटेवर तिला पूर्व-पश्चिम कळेना, हे तिने तिच्या शब्दात अगदी नेमकं सांगितलं होतं. नंतर सांडशी मागताना ‘ते हे दे गो, धरायचा’ व्हायला लागलं. दूधवाल्याचा हिशोब जुळेना, त्यावरून ती त्यालाच चोर ठरवायची. जुन्या गोष्टी मात्र खडान्‌खडा आठवत, म्हणून ‘स्मृतिभ्रंश’ आमच्या डोक्यातच आला नाही. आम्ही ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे झालो, मीसुद्धा. हा शब्द मला आता नकोसा वाटतो. आजार त्यात स्वभाव होऊन बसतो, आणि स्वभावाला कोण डॉक्टरकडे नेतं?

— ‘साठी बुद्धी नाठी’ही त्यातलंच. नाठी म्हणजे नष्ट. संस्कृत नष्ट, प्राकृत नट्ठ. साठी झाली की असं व्हायचंच, हे त्यात गृहीत धरलेलं. वास्तविक बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांनीही असं होतं आणि उपचाराने सुधारू शकतं.

— आमच्याकडे एक ‘हो की!’ आहे. आठवण करून दिल्यावर ‘हो की!’ आलं तर बहुतेक वेळा साधा विसर. ‘असं झालंच नाही’ म्हणून वाद घालायला लागले, तेही पुन्हा पुन्हा, की दाखवून घ्यावं. डॉक्टरांना मात्र शब्द सांगू नका, घडलेले प्रसंग सांगा.

— आभार. वरचं वाचून आईला मुद्दाम सांडशी दाखवून विचारलं, हे काय? म्हणाली, ‘पक्कड. सांडशी तुझी बायको म्हणते.’